भीम सायन्सला गेला तेव्हा

मिठाचा खडा हातोडीखाली कसा फुटतो, हे तुम्ही कधी खाली वाकून पाहिलंय का, की फुटल्याचा आवाज ऐकून पुढं गेलात? मी पुढं जाणाऱ्यांतली होते. बिरादार सरांनी आम्हाला वाकायला लावलं. पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा वर्ग, पुस्तक इंग्रजीत, सर कन्नड, पोरं मराठी, आणि भांडणं दखनीत. सरांनी टेबलावर जाड्या मिठाचा एक खडा ठेवला, खिळ्याचं टोक टेकवलं आणि हलकेच ठोका दिला. खड्याची भुकटी झाली नाही. त्याचे लहान चौकोनी खडे झाले, प्रत्येकाच्या बाजू सपाट, जणू आतून आधीच आखून ठेवल्यासारखे. सर म्हणाले, "आत सगळे रांगेत उभे आहेत. अधिक भार, उणा भार, पुन्हा अधिक, पुन्हा उणा. ठोक्यानं एक थर जरासा सरकला की अधिकासमोर अधिक येतो. मग ते एकमेकांना लोटतात, आणि तिथंच सपाट फुटतं." मागच्या बाकावरचा नागनाथ म्हणाला, "आमच्या गल्लीसारखंच की सर." सर हसले आणि त्यांनी काचेचा तुकडा फोडून दाखवला. तो वाकडातिकडा फुटला. काचेच्या आत रांग नसते, म्हणून ती कुठूनही फुटते.

सोयाबीन त्यांनी घरून आणलं होतं. ते एका खोक्यात नुसतं ओतलं आणि दुसऱ्या खोक्यात दाणा दाणा बसवला. दाणे तेच, खोकं तेच, पण बसवलेल्या खोक्यात जास्त मावले. मग डांबर आणि बर्फ यांच्यातला फरक सांगितला. बर्फ ठरलेल्या तापमानाला वितळतो. डांबर उन्हात मऊ होत जातं, त्याचं नेमकं कधी पाणी झालं हे सांगता येत नाही. मला हे सगळं फार आवडलं होतं, आणि आवडण्याचं कारण तेव्हा मला माझ्या घरात सापडलं. आमच्या घरातही सगळं रांगेत होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कर्नाटकाच्या सीमेवरच्या, बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या शाळेत मास्तर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात येणाऱ्यांविरुद्ध, लहानपणी लावल्या जाणाऱ्या लग्नांविरुद्ध. पत्रकं उदगीरहून छापून यायची आणि रविवारी आमच्या घरी घडी घालायची बैठक बसायची. कागदाची तीन पदरी घडी घालायची आणि तिच्यावरून स्टीलचा पेला पालथा घासायचा. तो सर्र आवाज आणि ओल्या शाईचा वास हे माझं बालपण. शेजारच्या घरांत पोरं पाढे म्हणायची, मी पत्रकांतली वाक्यं पाठ म्हणायची. माझं नाव क्रांती ठेवलं होतं, त्यामुळं सुटका नव्हतीच. घडी घालता घालता आई मधूनच उठायची, भाकरी थापायची, करडीच्या तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवायची आणि म्हणायची, "जग सुधारायच्या आधी खाऊन घ्या, गार व्हायलंय." ती राजेश्वर गावची. तिच्या माहेरी सगळे सण होते. आमच्या घरात सणांचं जेवण होतं, पूजा नव्हती. अण्णांचा नियम साधा होता: कुणी बोलावलं तर जायचं, जेवायचं, हात जोडायचे नाहीत, आणि जोडणाऱ्याला हसायचं नाही.

सरांनी सगळ्यांना तुरटीचा स्फटिक वाढवायला सांगितला होता. जानेवारीत बिदरला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या कॉलेजातून एकाच मुलाला किंवा मुलीला जाता येणार होतं. कोमट पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालायची, दोऱ्याला तुरटीचा बारीक कण बांधून तो त्यात सोडायचा, आणि बरणी हलवायची नाही. सगळं काम त्या न हलवण्यात होतं. हललं की हजार बारीक कण तळाशी बसतात, स्थिर राहिलं तर एकच मोठा वाढतो. माझी बरणी अण्णांच्या पुस्तकांच्या कपाटावर, भिंतीला टेकून होती. आईनं त्या काळात खलबत्ता अंगणात नेला. दार आपटायचं नाही, कपाटाला धक्का लावायचा नाही, असं घरभर ठरलं. पाहुणे आले तरी अण्णा हळू बोलायचे. माझा स्फटिक वाढत गेला, आठ बाजूंचा, काचेसारखा स्वच्छ, आणि मला वाटायचं की हे माझ्या शिस्तीचं फळ आहे.

रेणुका माझ्या बाकावर बसायची. तिच्या आजोबांच्या काळी मेंढरं होती. आता घरची थोडी शेती होती आणि बाकीचे दिवस सगळ्यांची मजुरी. एक खोली, एक ओसरी, त्यात दोन काकांची पोरं आणि दाराशी शेळ्या. तिची बरणी कधी पोरानं उचलली, कधी शेळीनं तोंड घातलं, कधी काकूनं दाढीचं पाणी समजून वाटीत ओतलं. तळाशी दर वेळी भुकटी. ती हसून सांगायची, "आमच्या घरात स्थिर फकस्त भिंती हायत. त्या बी दक्षिणेकडं सरकायल्या." ती आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. गणित माझ्या आधी तिचं सुटायचं आणि ती वही माझ्याकडं सरकवून खिडकीबाहेर बघत बसायची.

तिच्या अप्पांचं, म्हणजे वडील मल्लप्पाकाकांचं, म्हणणं होतं की सायन्स हा मास्तरांच्या पोरींचा उद्योग आहे. आर्ट्सला गेली तर घरी लवकर येईल, रानात हात लागेल. रेणुकेनं त्यांच्याकडून एक शब्द काढून घेतला होता: सरांनी बिदरच्या प्रदर्शनाला निवडलं तर पुढं सायन्सच शिकायचं, नाही निवडलं तर अप्पा म्हणतील तसं. म्हणजे तिचं पुढचं सगळं त्या एका निवडीवर टेकलेलं होतं. हे मला माहीत होतं. वर्गात बाकी कुणाला नव्हतं.

एके दिवशी सकाळी ती कॉलेजला जायच्या भाड्याच्या जीपमध्ये चढली तेव्हा तिच्या मांडीवर खताच्या पिशवीत बांधलेलं काहीतरी जड होतं. मी पिशवीला हात लावला तर ती म्हणाली, "हळू. आमचा भीम हाय त्यो."

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष संपताना येळवस येते, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि सगळे आपापल्या रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारतात, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पांडव. पूजा झाली की ज्वारी-ताकाची अंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ज्याला रान नाही त्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. बहुतेक रानांतले दगड साधे असतात. रेणुकेच्या रानातला सगळ्यात मोठा दगड, म्हणजे हा भीम, तिच्या आजोबांना विहीर खोदताना मिळाला होता. वरून चुन्याच्या पुटांनी पांढरा, पण एका कोपऱ्यावर पापुद्रा निघाला होता आणि तिथून आत उजेड जात होता.

"तू भीमाला कॉलेजात न्यायलीस?" मी विचारलं.

"चौघं भाऊ अंगठाबहाद्दर हायत. ह्यो तरी सायन्स शिकू दे की." मग आवाज उतरवून म्हणाली, "येळवशीच्या आत माघारी न्यायचाय. अप्पाला म्हाईत न्हाई."

एवढंच ती म्हणाली. पुढचं मी माझ्या मनानं भरलं.

सरांनी दगड पाण्यानं आणि ब्रशनं धुतला तेव्हा वर्ग टेबलाभोवती जमला. चुन्याची पुटं निघाली आणि आतून दुधाळ, तिरप्या बाजूंचा दगड दिसू लागला. नखानं चरा पडेना, खिळ्यानं पडला. सरांनी आम्लाचा एक थेंब टाकला, तो फसफसला. "कॅल्साइट," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आणि गंमत बघा. तुम्ही वर लावलेला चुना हवेत वाळून याच पदार्थाचा होतो. वरचा आणि आतला, दोन्ही एकच. वरचा घाईत बारीक भुकटी होऊन बसला, आतला शेकडो वर्षं निवांत रांगेत वाढला." त्यांनी सांगितलं की बरोबर रेघेवर ठोका बसला तर याचा एक स्वच्छ तिरपा तुकडा निघेल, आणि तो छापलेल्या कागदावर ठेवला तर खालचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल. असा तुकडा बिदरला कुणीच आणणार नाही. "निघाला तर तू जाशील, रेणुका." त्यांनी छिन्नी आणि हातोडी तिच्या हातात दिली. "तुझा दगड आहे. तूच मार."

रेणुका टेबलाशी उभी राहिली. तिनं छिन्नी दगडावर टेकवली आणि थांबली. छिन्नी उचलली, दुसरीकडं टेकवली, पुन्हा थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. मला तिचा हात थरथरताना दिसला, किंवा मला तो थरथरायला हवा होता. त्याच आठवड्यात रविवारी आम्ही एका नव्या पत्रकाच्या घड्या घातल्या होत्या. कुणाच्या श्रद्धेवर जबरदस्तीनं घाव घालणं हे विज्ञान नव्हे, असं त्यात अण्णांनी लिहिलं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी उभी राहिले.

"सर, हा दगड तिच्या घरचा देव आहे," मी म्हणाले. "तिच्या हातानं तो फोडून घेऊ नका. ती गरीब घरातली आहे, तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. विज्ञानाच्या नावाखाली कुणावर अशी जबरदस्ती करायचा आपल्याला अधिकार नाही."

मी आणखीही बोलले. मला बोलता यायचं. मी बसले तेव्हा वर्ग इतका शांत होता की मला तो विजय वाटला. मग नागनाथ हळूच म्हणाला, "बापरे, पोरगीनं देवच उचलून आणलाय." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मागून एकानं विचारलं, "रेणुके, नारळ बी आणलीस का?" सरांचा चेहरा पडला होता. देव हा शब्द वर्गात उच्चारला गेला होता आणि तो संध्याकाळपर्यंत कुठंकुठं जाईल याचा ते हिशेब करत असावेत. आजकाल मास्तर माणसाला तो करावाच लागतो. त्यांनी रेणुकेच्या हातून हातोडी घेतली. "घरी ने बाई हे. नीट ठेव जागेवर." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "क्रांती, तुझी तुरटी घेऊन ये उद्या."

परतीच्या जीपमध्ये रेणुका पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पिशवीची गाठ पुन्हा आवळून बांधली. मग म्हणाली, "कामून बोललीस?"

"तू घाबरली होतीस."

"मी रेघ हुडकायलते." ती माझ्याकडं बघत नव्हती. "एकदा चुकलं की गेलं. म्हणून बघायलते कुठं मारावं. सापडली बी होती."

"पण तो तुमचा भीम."

"मग? मोठा तुकडा कोपीत ठिवून चुना लावणार होते. भीम जरा बारीक झाला म्हणून कुणी पांडवाला उपाशी ठिवत न्हाई." मग ती माझ्याकडं वळली. "तुला म्या इचारले होते का? तुमच्या घरात कागदावर जे लिवतेत, ते तू माझ्या तोंडात घातलीस. आन वर गरीब म्हणालीस. सगळ्यांपुढं."

मी माफी मागितली का, ते मला आठवत नाही. आठवतं ते हे की मी मनात अजूनही माझ्या बाजूनं मुद्दे मांडत होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की माझी तुरटी नको, रेणुकेला पुन्हा हातोडी द्या. सर म्हणाले, "ते आता होत नाही. तू कालच सांगितलंस ना काय आहे ते." मी तुरटी मागं घेऊ शकले असते. बरणी आपटून फोडू शकले असते. मी बिदरला गेले. लोक माझ्या स्फटिकाकडं बघून विचारायचे, एवढा मोठा कसा वाढवलास, आणि मी सांगायची की स्थिर ठेवावा लागतो. अंगणात नेलेला खलबत्ता, हळू बोलणारे अण्णा, कपाट असलेलं घर, यातलं काही मी सांगितलं नाही. बक्षीस मिळालं नाही, याचं मला बरं वाटलं. जणू त्यानं काही फिटलं.

पण त्या आधी येळवस आली होती. मल्लप्पाकाकांनी आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. सकाळी धुकं होतं आणि हरभरा दवानं भिजला होता. चारी बाजूंच्या रानांतून ओरडण्याचे, हसण्याचे आवाज येत होते. कोपीत पाचही दगड ताज्या चुन्यात पांढरेशुभ्र बसले होते, भीम मधोमध. अण्णा नियमाप्रमाणं हात न जोडता बाजूला बसले. आईनं मात्र डोक्यावर पदर घेतला आणि अण्णांनी दुसरीकडं पाहिलं. रेणुकेच्या आईनं मातीच्या मडक्यातली अंबील वाढली, आंबटगार, ओव्याच्या वासाची. भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे सगळे दाणे होते. इतकं चविष्ट मी त्या वर्षी दुसरं काही खाल्लं नाही.

तेवढ्यात मल्लप्पाकाका माझ्या पानात स्वतः उंडा वाढत अण्णांना म्हणाले, "गुरुजी, तुमच्या लेकीनं आमचा देव वाचिवला. नागनाथाच्या बापानं सांगितलं बाजारात. तुम्ही देव मानत न्हाईत, पर पोरीला वळण चांगलं लावलाव."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी घरी सांगितलं नव्हतं.

"आन ह्यी आमची," काका रेणुकेकडं हात करून म्हणाले, "देवावर हातोडा उचलती. बास झालं सायन्स. पुढल्या साली आर्ट्सला घालतो."

मी पान सोडून बोलू लागले. "काका, चूक माझी आहे. तिला..."

"तू गप बस," रेणुका म्हणाली. "आता तरी."

मग ती स्वतः बोलली, अंबिलीचा पळा हातात धरून, आवाज न चढवता. दगड आतून कसा आहे, तो कुठल्या रेघेवर फुटतो, तुकड्यातून अक्षर दोनदा कसं दिसतं, हे तिनं अप्पांना सांगितलं. आजोबांना विहिरीत तो सापडला तेव्हा त्यांनीही तो पाण्यात धुऊन उन्हात धरून बघितला असेल, असंही म्हणाली. "त्यास्नी बी बघावंच वाटलं असंल की आत काय हाय. मला बी तेच वाटलं. मी देव फोडत न्हवते, अप्पा. मी बघत होते." मल्लप्पाकाका ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी कोपीकडं वळून बघितलं. शेवटी म्हणाले, "बोलायला चांगलं येतंय तुला. पर लोक हसले ना." तिनं पळा मडक्यात ठेवला. हसणाऱ्यांना मी हसवलं होतं.

जेवण झाल्यावर अण्णा आणि मी बांधावरून चालत होतो. मी सगळं सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते बांधाच्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "ते वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात कुणीतरी माणूस होतं का, हेच मला आठवत नाही." पुढच्या रविवारी ते पत्रक वाटलं गेलं नाही. अण्णांनी ते का थांबवलं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि मला ते आणखी जड गेलं.

रेणुका पुढच्या वर्षी आर्ट्सला गेली. तिचं लग्न संतपूरकडं झालं. ती शेती बघते, तिची मुलगी शाळेत आहे, आणि तिच्याबद्दल हळहळून लिहावं असं तिनं काही केलेलं नाही. मी मात्र सायन्स पूर्ण केलं आणि शेवटी पत्रकंच लिहायला लागले. आजही ती लिहिताना माझं पहिलं वाक्य फार सहज येतं, आणि तेव्हाच मला त्या वाक्याची भीती वाटते. हे प्रकरण लिहिण्याआधी मी तिला फोन केला. लिहू का, विचारलं. ती म्हणाली, "लिही. तुझं लिही. माझं मला बोलता येतंय." मग म्हणाली की तिच्या मुलीलाही तोच स्फटिकांचा धडा यायचाय, काही वर्षांनी.

म्हणून माझी तुमच्याकडं एक विनंती आहे, आणि ती तुम्ही पाळावी. तुमच्या वर्गात किंवा घरात हा धडा निघाला तर बाजारातून जाड्या मिठाचा खडा आणा आणि हातोडी-खिळा सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलीच्या हातात द्या. ती लगेच मारणार नाही. थांबेल, खिळा उचलेल, दुसरीकडं टेकवेल, पुन्हा थांबेल. तुम्हाला वाटेल ती घाबरली. तेव्हा काही बोलू नका. तिला थांबू द्या.